उजव्या घोड्याची खाच

लोर्ना टेस्केनं तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली. नेब्रास्काच्या या पश्चिम टोकाला, किंबल आणि आसपासच्या चार गावांत, ज्या घरात मशीन होतं त्या घरात लोर्नाचा पाय लागलेला. मग बायकांनी शिवणं सोडलं, मशिनं तळघरात गेली आणि तिचा धंदा बसला. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. दर महिन्याच्या काउबॉय सामन्याला ती नवऱ्याबरोबर जायची, नवरा गेल्यावरही जात राहिली. तिथं कुणाची ना कुणाची बंदूक अडलेली असायची. लोर्ना म्हणायची, "आण इकडं. मशीन ते मशीन." दोन वर्षांत अर्धा क्लब तिच्या शेडच्या दारात उभा राहायला लागला.

हे सामने म्हणजे काय, तर जुन्या काळचे कपडे, जुन्या घाटाच्या बंदुका, समोर पोलादी पाट्या आणि मागे घड्याळ. दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल, एक दुनळी. प्रत्येकाला एक टोपणनाव आणि सगळे एकमेकांना त्याच नावानं हाक मारणार. लोर्नाचं नाव टाचणी. एल्डन क्रोह या एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं नाव पाद्री. नाताळ सोडला तर हा गृहस्थ चर्चची पायरी चढत नसे, पण काळा लांब कोट घालून आला की एखाद्याचं लग्न लावून देईल असा दिसायचा.

पाद्रीची दुनळी घोड्यांची होती. नळ्यांच्या मागं बाहेरच्या अंगाला दोन पोलादी घोडे. आधी अंगठ्यानं ते मागं ओढून चढवायचे, मग चाप ओढायचा. क्लबातले बहुतेक लोक बिनघोड्याची दुनळी वापरत. ती उघडली की आतल्या आत आपोआप चढते, वेळ वाचतो. पाद्रीला ते पटत नसे. "घोडे नसलेली दुनळी म्हणजे मीठ नसलेला रस्सा," तो म्हणायचा. "खा तुम्ही. माझ्या ताटात वाढू नका."

बंदूक काही वाडवडिलांची नव्हती. चीनमध्ये बनवलेली, जुन्या नमुन्याची नक्कल. दुकानातून आली तेव्हा फुगलेलं दार उघडावं तशी गुडघ्यावर आपटून उघडावी लागायची. लोर्नानं तिला माणसात आणलं. बिजागरी घासून अशी सैल केली की खटका दाबताच नळ्या स्वतःच खाली झुकाव्यात. नळ्यांची मागची, काडतुसं भरायची तोंडं आतून चकाकेपर्यंत घासली. झटका दिला की रिकामी काडतुसं पाद्रीच्या खांद्यावरून मागं उडायची. खांद्याला टेकवायचा दस्ता दीड इंच कापला, त्यावर चामडं शिवलं. चामडं शिवताना तिनं जुन्या मशीनवरचीच सुई वापरली आणि त्याचा तिला फार अभिमान.

मग पाद्रीच्या अंगठ्यांनी दगा दिला. संधिवात. या मोसमात दोन्ही घोडे एका दमात चढेनात. एक चढायचा, दुसरा निम्म्यावरून सुटायचा. लोर्नानं घोडे तापवून बाहेरच्या बाजूला वाकवले, खाली आणले. जमेना. स्प्रिंगा घासून हलक्या केल्या. जरा बरं झालं.

"अजून थोडं, टाचणी," पाद्री म्हणाला.

"अजून थोडं म्हणजे आता खाचेलाच हात घालावा लागेल. चढलेला घोडा त्या खाचेवर तर उभा असतो."

"तुझ्या हातावर माझा भरवसा आहे."

या वाक्यानं भल्याभल्यांची वाट लागलीय. अती तिथं माती, हे लोर्ना स्वतः दुसऱ्यांना सांगायची. पण म्हातारा असा केविलवाणं तोंड करून उभा होता की तिनं कानस उचलली.

त्याच्या केविलवाणेपणाला कारण होतं. त्याची मुलगी जनीन शायेन शहरात नर्स होती. एकुलती एक, बापावर जीव आणि बापाच्या बंदुकांचा धसका. मागच्या हिवाळ्यात तिनं त्याच्याकडून शब्द घेतला होता: ज्या दिवशी तुमच्या हातून धोक्याची चूक होईल, त्या दिवशी बंदुकांचा पट्टा माझ्या हातात द्यायचा, वाद नको. पाद्रीनं शब्द दिला होता. आणि सामना सोडला तर त्या माणसाकडं होतं काय? उरलेला महिना टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडण. हे लोर्नाला माहीत होतं, सगळ्या क्लबाला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी तिनं बंदूक तपासली. रीत अशी की रिकाम्या बंदुकीचे घोडे चढवायचे आणि दस्त्यावर रबरी हातोडीनं ठोकायचं. घोडा जागचा हलता कामा नये. तिनं ठोकलं. तीस वेळा हलला नाही. एकतिसाव्यांदा उजवा घोडा पडला.

मग तिनं आणखी वीस वेळा ठोकलं. एकदाही पडला नाही. हातोडी घोड्यालाच लागली असेल, ती स्वतःला म्हणाली. तेवढ्यात दारात पाद्री. बंदूक उचलली, अंगठा फिरवला, दोन्ही घोडे एका दमात चढले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच वर्षांनी लहान केलंस मला," तो म्हणाला. शनिवारचा सामना होऊन जाऊ दे, मग खाचेवर धातू भरून परत घासू, असं तिनं मनाशी ठरवलं. मनाशी ठरवायला काय लागतं?

शनिवारी वारा सुटला होता. जनीन आली होती, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागं खुर्ची टाकून बसलेली. लोर्ना तडक पाद्रीच्या बंदुका वाहायच्या गाड्यापाशी गेली.

"बंदूक बघू जरा."

"हात लावू नकोस. आत्ता कुठं ती माझं ऐकायला लागलीय."

"एक मिनिट, पाद्री."

"काय हरवलंय तिच्यात तुझं?"

तिथं सामन्याचा प्रमुख रॉय ड्वोराक उभा होता, आणखी दोघंतिघं होते. "बंदूक खराब आहे" म्हणावं तर म्हाताऱ्याचा दिवस मातीत, आणि तिच्या हाताचं नावही. "काही नाही," ती म्हणाली.

"टाचणी, त्याला सोड," ड्वोराक हसला. "आज त्याच्या अंगात आलंय. सकाळपासून दोन सिनॅमन रोल हाणलेत त्यानं."

मग तिनं दुसरी शक्कल काढली. पाद्रीच्या प्रत्येक पाळीला टायमर आपण धरायचा. टायमरवाला नेमबाजाच्या उजव्या खांद्यामागं हातभर अंतरावर उभा असतो. काही बिनसलं तर नेमबाजाचा हात धरणं हे त्याचं पहिलं काम, वेळ मोजणं दुसरं. आपण जवळ असलो म्हणजे झालं. माणूस चूक झाकायला निघाला की त्याला असल्या युक्त्या भराभर सुचतात.

सहा फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पाद्रीनं दुनळी उचलली, पट्ट्यातून दोन काडतुसं काढून भरली, बंद केली, अंगठा फिरवला. लोर्नाची नजर उजव्या घोड्यावर खिळलेली. बार, बार. दोन पाट्या आडव्या. पुन्हा भरली, पुन्हा दोन. टायमर बघायचं ती विसरलीच.

"टाचणी, वेळ सांग," ड्वोराक डावीकडून ओरडला. तो चुका मोजायला उभा होता.

"एकोणचाळीस सेकंद."

लोकांनी शिट्या वाजवल्या. या वर्षी पाद्री पन्नासाच्या खाली आला नव्हता.

दुसरी फेरी, तिसरी. प्रत्येक वेळी तो अंगठा फिरायचा आणि लोर्ना पाट्या सोडून उजव्या घोड्याकडं बघायची. तिसऱ्या फेरीनंतर ती पाणी प्यायला गेली. जनीन जवळ आली. "लोर्ना, तुझे फार उपकार आहेत. मी आज त्यांना बंदुका विकायला सांगायच्या तयारीनं आले होते. आता बघते तर बाबा वेगळेच दिसतायत." आत्ताच सांग, लोर्नाचं मन म्हणत होतं. पण चौथ्या फेरीला नाव पुकारलं गेलं आणि ती टायमर घेऊन गेली.

चौथी पार पडली. अडतीस. आता तिलाच वाटायला लागलं की एकतिसावा ठोका खरंच घोड्याला लागला असेल.

पाचव्या फेरीत दुनळी आधी होती. पाद्री टेबलाशी उभा राहिला, फेरी सुरू करायचं ठरलेलं वाक्य म्हणाला, "माझी गाय कुणी नेली?" आणि टायमर वाजला. त्यानं भरली. बंद केली. अंगठा फिरवला, दोन्ही घोडे चढले, बंदूक वर येऊ लागली. वर येता येता दस्त्याचं टोक कोटाच्या बटणाला अडकलं, जरासा धक्का बसला.

बार झाला.

नळ्या अजून जमिनीकडं होत्या. पाद्रीच्या बुटापुढं तीन फुटांवर मातीत खड्डा पडला, खडे उडाले, ड्वोराक नडगी धरून वाकला. लोर्नाचा हात तेव्हा कुठं पाद्रीच्या मनगटावर पोचला. हातभर अंतरावर उभी होती ती, आणि तरी वेळेवर पोचली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "उघडा. रिकामी करा." पाद्रीनं नळ्या खाली केल्या, दोन्ही काडतुसं काढून टेबलावर ठेवली, बंदूक उघडीच ठेवली. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

ड्वोराकनं पँट वर केली. खड्यानं कातडी फुटली होती, रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला होता. "खडा होता, छर्रा नाही," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "पाद्री, पाच फुटांच्या आत जमिनीत बार. नियम तुला माहीत आहे. सामन्यातून बाद."

"माहीत आहे. अंगठा सटकला," पाद्री म्हणाला. "तुला लागलं, रॉय. मला माफ कर."

आणि तो वळला. दोरीच्या पलीकडं जनीन उभी होती, दोन्ही हात तोंडावर. म्हातारा पट्ट्याच्या बकलाशी झटू लागला. तेच आखडलेले अंगठे; बकल सुटेना. कुणी मदतीला पुढं झालं नाही, कारण तो काय करतोय हे सगळ्यांना कळलं होतं. शेवटी सुटलं. चाळीस वर्षांचा पट्टा त्यानं गुंडाळला आणि मुलीपुढं धरला.

"शब्द दिला होता तुला," तो म्हणाला.

लोर्नाला गप्प बसायला काहीच अडचण नव्हती, हे लक्षात घ्या. म्हातारा चूक कबूल करून बसला होता, बघणाऱ्या सगळ्यांना तेच दिसलं होतं. सोमवारी खाच भरली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता.

"अंगठा नाही," ती म्हणाली. "त्यांचा अंगठा सटकला नाही. मी बघत होते. घोडा चढला होता, खाचेवरून आपोआप पडला. खाच मी जास्त घासलीय."

"टाचणी, मला वाचवायला खोटं बोलू नकोस," पाद्री म्हणाला.

"रॉय, ठोकून बघ."

ड्वोराकनं लंगडत बंदूक उचलली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, पाट्यांकडं तोंड करून घोडे चढवले आणि दस्त्यावर तळहातानं थाप मारली. काही नाही. दुसरी थाप. काही नाही. जनीन लोर्नाकडं बघत होती. पाचव्या थापेला उजवा घोडा पडला. तो खट्ट आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बाद ते बादच," ड्वोराक म्हणाला. "बंदूक ज्याच्या हातात, बार त्याचा. पण चूक त्याची नाही. आणि टाचणी, तुझ्या हातच्या जेवढ्या बंदुका या क्लबात आहेत, त्या सगळ्या मी आज ठोकून बघणार आहे."

"बघ," लोर्ना म्हणाली.

जनीननं पट्टा बापाच्या कमरेभोवती घातला आणि बकल स्वतः लावलं. लोर्नाला तिथंच रडू कोसळलं असतं. वाचला म्हातारा, तिला वाटलं, वाचला. ती एक पाऊल पुढं गेली.

पाद्रीनं तिला हातानं थांबवलं. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच, असं म्हणता आलं असतं.

"मंगळवारी. तुम्ही यायच्या आधी. एकदाच पडला होता."

"म्हणून सकाळी बंदूक मागत होतीस."

"हो."

"आणि मी नाही म्हणालो, तेव्हा सांगितलं नाहीस. चार फेऱ्या माझ्या मागं उभी राहिलीस."

"पाद्री, तुमचा चेहरा बघून माझ्यानं—"

"माझ्या अंगठ्यावर माझा विश्वास उरला नव्हता, लोर्ना," तो म्हणाला. आठ वर्षांत त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. "म्हणून तर तुझ्याकडं आलो होतो."

त्यानं बंदूक ड्वोराककडून घेतली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं गाड्याकडं चालू लागले. वारा समोरून होता, म्हातारा हळूहळू जात होता. लोर्नाच्या हातात टायमर तसाच होता. ड्वोराकनं तिच्यापुढं हात पसरला, आणि तो कशासाठी ते कळायला तिला जरा वेळ लागला. मग तिनं टायमर त्याच्या हातावर ठेवला आणि दोरीच्या पलीकडं जाऊन उभी राहिली.