सुंदरम्माच्या नावावरची नोकरी

“अव्वा, तू हिच्या नादाला लागू नको. उठव अंगठा.” शिवूनं कागद आईच्या मांडीवर सरकवला.

“खबरदार अत्या, हात लावाल तर!” त्याची बायको राजेश्वरी ओट्याजवळून सासूवर ओरडली. दोन्ही हात पिठात होते. “ह्यांना काय जातंय? नोकरी माझी चाललीय.”

“तुझी कुटली नोकरी? कागदावर तुझं नाव तरी हाय का?”

ते खरं होतं.

अकरा वर्षांपूर्वी शिवूची आई सुंदरम्मा दवाखान्यात साफसफाई करताना जिन्यावर फिनेलच्या पाण्यात घसरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. चौथ्या दिवशी सुपरवायझर भीमाशंकर घरी आला. “सुनेला पाठव, जागा रिकामी नको,” म्हणाला. नाव बदलायचं विचारल्यावर त्यानं हात झटकला. “नवं नाव घातलं की यादीत तळाला जाईल. सासूचंच राहू दे की.” सुंदरम्मालाही त्यात वावगं वाटलं नाही. तिचा नवरा गिरणीत असाच चार वर्षं भावाच्या नावावर उभा राहिला होता. जागा घरातच राहिली म्हणजे झालं.

तेव्हापासून राजेश्वरी घरातून राजेश्वरी म्हणून निघायची आणि बाळंतिणींच्या वॉर्डात सुंदरम्मा व्हायची. पगार सासूच्या खात्यावर पडायचा. वॉर्डातल्या सिस्टर तिला ‘सुंदरा’ म्हणायच्या. ती रक्ताच्या चादरी गोळा करायची, कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या बांधायची, मेलेलं मूल जन्माला आलं तर त्या बाईजवळ जरा वेळ बसायची. ते काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता साफसफाईचा ठेका नव्या कंपनीकडे गेला होता. दवाखान्यानं अट घातली होती, जुन्या बायका तशाच पुढं घ्यायच्या, त्यांची नोकरीची वर्षं तोडायची नाहीत. शनिवारी बायकांनी पेढे खाल्ले आणि संध्याकाळी यादी लागली. नावापुढं आधार कार्डावरचं वय होतं. सुंदरम्मा बसप्पा, एकसष्ट. शेरा : वयामुळे कमी.

अडतिसाव्या वर्षी राजेश्वरी म्हातारी ठरली.

भीमाशंकरनं तोड काढली ती ह्या कागदाची. सुंदरम्मा आपखुशीनं काम सोडते आहे आणि तिचा कसलाही हक्क उरलेला नाही, असं त्यावर छापलं होतं. सोमवारी दहाच्या आत अंगठा उठवून कागद दिला की राजेश्वरीला मंगळवारपासून तिच्या स्वतःच्या नावानं घेणार होते. नवी म्हणून, यादीच्या तळाला, आणि तेही अकरा महिन्यांपुरती. नवी कंपनी साठ बायकांचं काम चाळिसांत करून घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळाच्या वीस कोण, हेही.

“अकरा महिने तर अकरा महिने,” शिवू म्हणाला. “माझा कारखाना आठवड्यातनं तीन दिवस बंद. तू घरी बसलीस तर खायाचं काय?”

“आणि बाराव्या महिन्यात काय खायाचं?”

पिठाचे हात तसेच पुसून ती बाहेर पडली. महेश्वरी मागच्या बोळात राहायची. दवाखान्यात नऊ वर्षं दोघींनी एकच बादली दोन बाजूंनी उचलली होती.

“तू फक्त सांग गं, की वॉर्डात मी होते. दुसरं काय नको.”

महेश्वरी नव्या कंपनीच्या युनिफॉर्मचं गुंडीचं घर शिवत होती. तिनं मान वर केली नाही. “सांगन की राजे. पण मग मला विचारतील, ठाऊक होतं तर इतकी वर्षं गप का बसलीस? माझं नाव कसंबसं बसलंय यादीत.” मग दोरा दातानं तोडून म्हणाली, “चहा टाकते, बस.”

चहा अर्धा ठेवून राजेश्वरी उठली. आणखी दोन घरं झाली. एकीनं दार उघडलं नाही. दुसरी म्हणाली, “तुझ्या सासूनं तरी ‘मी कामाला नव्हते’ म्हणून सांगितलं का? आदी घरातनं सुरू कर.”

राजेश्वरी परत आली तेव्हा कागद तिथंच होता आणि शिवू जेवून बसला होता. मुलगी सृष्टी कोपऱ्यात वही उघडून बसली होती, पण तिचं लक्ष सगळं इकडं होतं.

“आली फिरून? कोण उभं राहिलं का?”

तिनं नाही म्हणून मान हलवली.

“मग सोड की नाद. अव्वाला त्रास नको. तूच उठव. भीमाशंकरला काय करायचंय कुणाचा हाय ते? रोज हजेरीला सुंदरम्माचा अंगठा तूच देतीस न्हव का? दहावी पास बाई, अकरा वर्षं अंगठा!” तो हसला.

राजेश्वरी हसली नाही. खाली बसली. “पुन्हा म्हणा,” म्हणाली.

“काय पुन्हा?”

“हजेरीच्या वहीत नाव अत्याचं. पण अंगठा?”

“तुझा. मग?”

“रोजचा. अकरा वर्षांचा.”

शिवूच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “राजे, येड्यासारखं करू नको. फसवणूक केली म्हणून आपल्यावरच केस घालतील. अव्वाला बी ओढतील. नवी जागा पण जाईल.”

“जाईल.”

“आणि जुन्या ठेकेदारानं वह्याच न्हेल्या तर?”

“मंगळवारी न्हेणार हायत. पोती भरून ठेवलीत.”

सुंदरम्मा इतका वेळ भिंतीला टेकून होती. तिनं कागद मांडीवरून खाली ठेवला. “मला कुणी विचारलं तर काय सांगू गं मी?”

“घरी होते म्हणून सांगा. खरं तेच सांगा.”

“मला तुरुंगात घालतील का?”

राजेश्वरीला ते माहीत नव्हतं. ती उठली आणि परातीतलं वाळलेलं पीठ पाणी लावून मळायला लागली.

“उद्या सोमवारी सकाळी मी कामगार ऑफिसात जाणार हाय,” ती पाठमोरी म्हणाली. “त्या वह्या अडवा, त्यातले अंगठे माझे हायत, म्हणून माझ्या नावानं अर्ज देणार. नळाला पाणी यील, ते तुमी भरा. सृष्टी, तू आजीपाशी थांब.”