एवारिस्तोला मी हैतीचा केला

एवारिस्तो पिए माझ्या आईच्या दुकानामागच्या गोदामात, तांदळाच्या पोत्यांमध्ये जन्मला. नाळ आईने कापली, पाणी मी तापवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे बोलले ते ऐकून तुम्ही म्हणाल, बाई खोटारडी आहे. आहेच.

त्याची आई नदीपलीकडून, हैतीतून, इकडे डोमिनिकन बाजूला आमच्या शेतात भातलावणीला आली होती. बाळंतपणानंतर नवव्या दिवशी पुन्हा चिखलात उतरली. पोरगा आमच्या दुकानातच वाढला, आमच्यासारखंच स्पॅनिश बोलत, आमच्याच शिव्या देत. पुढे पेंटर झाला. दुकानांच्या पाट्या, न्हाव्याच्या भिंतीवरचं भांग पाडलेलं डोकं, झुंजीच्या आखाड्याबाहेरचे कोंबडे, सगळं त्याच्या हातचं. हैती त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी गावात त्याचं नाव हैतीवालाच. मीही तसंच म्हणायचे, आणि मला वाटायचं मी प्रेमाने म्हणते.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ओळखपत्र. ते त्याला नाही म्हणून त्याच्या पोरीला, योमाइराला, कागद नाही, आणि कागद नाही तर आठवीची सरकारी परीक्षा नाही. सहा वर्षं तो कचेरीचे उंबरठे झिजवत होता. शेवटी वकिलीणबाई म्हणाल्या, जन्म डोळ्यांनी पाहिलेला एक डोमिनिकन साक्षीदार आणा, काम होईल. असा जिवंत साक्षीदार एकटी मी. मे महिन्यातली तारीख मिळाली.

त्याआधी मार्चमध्ये राजधानीतून सेलेस्ते नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. तिला दोन देशांच्या मैत्रीवर फिल्म करायची होती. बेसबॉलच्या मैदानाच्या भिंतीवर एक डोमिनिकन आणि एक हैतीचा चित्रकार मिळून चित्र काढणार, आणि ती ते टिपणार. डोमिनिकन तिने बरोबरच आणला होता. हैतीच्या माणसाला सरहद्दीच्या पुलावरच अडवलं. मैत्रीच्या कामाला आलोय म्हणाला, तर शिपाई हसले म्हणे. मग सेलेस्ते एवारिस्तोकडे आली. तूच हो ना हैतीचा, फिल्मपुरता, म्हणाली. तो म्हणाला, मी इथला आहे. पोरगी वाईट नव्हती, घाईत होती. एवारिस्तोने माझ्याकडे पाहिलं.

"बोल की," मी म्हटलं. "बोलायला काय जातंय तुझं? सगळा गाव तसंही म्हणतोच."

तो बोलला. मी हैतीचा, हा माझा डोमिनिकन भाऊ. मग चार दिवस दोघांनी भिंत रंगवली, आणि चित्र झालं देखणं, खोटं कशाला बोलू. राजधानीचा तो चित्रकार एवारिस्तोकडून रंग मिसळायला शिकला. दोघे एकाच पातेल्यातून राजमा-भात खायचे. बाजाराच्या दिवशी नदीपलीकडची माणसं भिंत बघायला थांबायची आणि आमची माणसं त्यांना कॉफी द्यायची. एरवी पाणी देत नाहीत.

मग कॅमेरा माझ्याकडे वळला. मी नवा झगा घातला होता, केस बांधले होते. काय अंगात आलं कोण जाणे. म्हणाले, हा पोर सहा वर्षांचा असताना नदी ओलांडून आला, उपाशी, अंगावर चिंधी नाही. माझ्या दारात उभा राहिला आणि मी त्याला पोटाशी धरलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. खरं काय सांगणार होते? आईने बाळंतिणीला पोत्यांवर झोपवलं आणि तेवढ्या दिवसांची मजुरी कापली, ते? एवारिस्तो पलीकडे ब्रश धूत होता. त्याने सगळं ऐकलं आणि ब्रश झटकून उन्हात वाळत ठेवले.

एप्रिलमध्ये मैदानात पडदा लावून फिल्म दाखवली. माझ्या बोलण्यावर बायका हुंदके देत होत्या, आणि मी मान खाली घालून कौतुक घेत होते. मग ती फिल्म ज्याच्या त्याच्या फोनवर गेली.

मे महिन्यात आम्ही कचेरीत गेलो. एवारिस्तोने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शपथेवर सांगितलं, हा माझ्या घरी जन्मला. खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे फोन काढला आणि आमच्यासमोर धरला. फोनमधून मीच बोलत होते. सहा वर्षांचा, उपाशी, अंगावर चिंधी नाही.

"दोन्या तोमासिना, खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?" दोन्या म्हणजे बाईसाहेब, मान देऊनच विचारलं त्याने.

मी म्हटलं, तेव्हा. तो म्हणाला, तेव्हा तर रडत होतात, आता डोळे कोरडे आहेत. रांगेतली माणसं हसली. अर्जावर नामंजूरचा शिक्का बसला. मला माझ्या जिभेची शिसारी आली.

परतताना एवारिस्तो म्हणाला, "पण बोलला होतात छान." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

जूनमध्ये परीक्षेच्या दिवशी योमाइरा माझ्या दुकानात कांदे निवडत बसली. त्याच आठवड्यात कागद नसलेल्यांना गोळा करून नदीपलीकडे सोडणारा ट्रक आला. एवारिस्तो न्हाव्याच्या दुकानासमोर शिडीवर होता, तिथूनच त्याला खाली ओढला. मी नाक्यापर्यंत धावले. ट्रक तिथे थांबला होता. जाळीमागे वीसेक माणसं, त्यात तो. मी सैनिकाचा हात धरला. म्हटलं, हा इथे जन्मला, माझ्या डोळ्यांदेखत, फिल्ममध्ये मी खोटं बोलले, मला न्या हवं तर.

सैनिक विशी-बाविशीचा. माझ्याकडे निरखून बघत राहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"तुम्ही फिल्ममधल्या दोन्या ना? माझी आई दर वेळी बघून रडते. एक फोटो काढू?"

मला वाटलं, खूश झाला तर सोडेल. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, फोन लांब धरला आणि म्हणाला, हसा ना जरा. मी हसले. फोटोत मागे तो ट्रक दिसत होता, म्हणून त्याने मला थोडं बाजूला व्हायला सांगितलं. मी बाजूला झाले. मग त्याने दुसरा फोटो काढला, माझे आभार मानले आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली.