आत्याची ऊब

त्या वर्षी नवरात्रात मी अंबाजोगाईला देवीची ओटी भरायला गेले नाही. लग्न झाल्यापासून कधी चुकवलं नव्हतं. खण-नारळ ठेवायचा आणि मागायचं एकच, मूल. दवाखाने झाले, उपास झाले, ज्यानं जे सांगितलं ते सगळं करून झालं. शेवटी मी देवीशी अबोला धरला. घरातल्या तिच्या फोटोला हळदकुंकू वाहायचे, पण तोंडानं एक शब्द काढायचा नाही. रुसायला तरी हक्काचं कुणी लागतं, आणि मला तिच्याशिवाय कोण होतं?

दसऱ्यानंतर धाकटा भाऊ आणि भावजय ऊसतोडीला गेले होते. भावजयीला सातवा सरत आला म्हणून भाऊ तिला गावी, नांदूरघाटला घेऊन आला, आणि आल्या आल्याच तिला कळा सुरू झाल्या. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात तिला मुलगा झाला. रक्त फार गेलं होतं. तिला खालच्या मजल्यावर ठेवलं होतं, शुद्ध नव्हती. भाऊ तिच्या उशाशी, आणि वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ते एवढंसं लेकरू. मी सासरहून, सिरसाळ्याहून, निरोप मिळताच धावत आले खरी, पण व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकड्यावर जाऊन बसले.

आमच्याकडे मूल नसलेल्या बाईनं कोवळ्या लेकराजवळ जायचं नाही, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. बारशाचं बोलावणं उशिरा येतं, मग आपणही उशिरा जायचं. पाळण्याशी घुटमळायचं नाही, पेढा घेऊन निघायचं. इतक्या वर्षांत हे सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. भाच्याला मी काचेतूनसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. त्याला काही झालं तर माझी नजर आठवायला नको कुणाला.

पूर्वी पेट्यांच्या त्या खोलीत घरच्या माणसांना सोडत नसत. आता नवी पद्धत आली होती. कमी वजनाचं बाळ घरच्या माणसाच्या उघड्या छातीशी, अंगाला अंग लागेल असं, कापडानं बांधून ठेवायचं. पेटीत ऊब मिळते, पण माणसाच्या छातीशी बाळाचा श्वास जास्त नीट चालतो, असं तिथल्या सिस्टर भावासोबत आलेल्या माझ्या आईला समजावत होत्या. आईला मात्र खोकला होता. मग सिस्टर सरळ माझ्याकडे आल्या.

“तुमी कोण बाळाच्या?”

“आत्या.”

“चला मग आत.”

“सिस्टर, मला लेकरू न्हाई,” मी म्हणाले. “माझ्याकडं नका देऊ.”

“मीच बसते की, बाई,” आई घाईनं म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. परकं कुणी बोललं असतं तर मी पचवलं असतं. सख्ख्या आईचं ते बोलणं मला फार लागलं.

सिस्टरना त्यातलं काही ऐकूच आलं नाही जणू. “तुमाला खोकला हाय का? ताप? अंगावर काही पुरळ?”

“न्हाई.”

“मला एवढंच बघायचं असतंय. साबणानं आंघोळ करून या, लवकर.”

मी आंघोळ करून आले. मग मागे रेलायच्या खुर्चीत बसवून त्यांनी ते लेकरू माझ्या छातीशी ठेवलं, पाय दुमडून, मान एका बाजूला करून, आणि वरून कापड गुंडाळलं. वजन असं जाणवेचना. नुसती एक ऊब जाणवत होती, आणि त्या उबेत त्याची भराभर चाललेली धडधड. मला रडू आवरेना. माझ्या छातीशी लेकरू असावं, एवढंच तर मी जन्मभर मागितलं होतं.

सिस्टरनी बजावून ठेवलं होतं, अशी बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात, तेव्हा पाठ हलकेच चोळायची आणि हाक मारायची. दुपारी तसंच झालं. हाताखालची त्याची पाठ थांबली. मी ओरडले, पाठ चोळू लागले. आणि इतक्या दिवसांचा माझा अबोला त्या क्षणी कुठल्या कुठे गेला. “देवी आई, मी मागितलेलं सगळं माघारी घेते,” मी म्हणाले. “माझी कूस रिकामी राहू दे. ह्याला श्वास दे.” सिस्टर धावत येईपर्यंत ती पाठ पुन्हा वरखाली होऊ लागली होती. तो चोळण्यानं परतला की हाकेनं, ते मी विचारत बसले नाही.

त्यानंतर मी रोज बसले. श्वास विसरणं कमी होत गेलं, गालावर जरा मांस आलं. खुर्चीत माझे हात मोकळे नसायचे, तर आई चहाची बशी स्वतः माझ्या ओठाला लावायची. एकदा म्हणाली, “तुझ्यापाशी लई निवांत झोपतंय बघ.” एवढंच म्हणाली. मला तेवढं पुरलं.

मग भावजय सावरली. तिला चाकाच्या खुर्चीतून वर आणलं आणि देवीला दिलेला शब्द पाळायची माझी वेळ आली. कापड सोडताना माझी बोटं चालेनात. लेकरू तिच्या छातीशी गेलं तसं किंचाळायला लागलं. “ताई, मला जमत न्हाई वो, घ्या तुमीच,” ती रडवेली झाली. खोटं कशाला बोलू, मला घ्यावंसं वाटलं. पण मी तिचा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याचं डोकं थोडं वर सरकवून दिलं. तो उसासा टाकून शांत झाला.

देवीनं मला दिलं नाही, असं आता मी म्हणत नाही. तिनं दिलं, आणि ज्याचं होतं त्याला दिलं तेही माझ्याच हातानं. ओढ मात्र गेलेली नाही. ती जावी म्हणून मी देवीला साकडंही घालत नाही, देवीला ठेवायची तर राहू दे. घरी आल्यावर कितीतरी दिवस मला आडवं होऊन झोपच लागायची नाही. एका दुपारी भिंतीला रेलून, छातीवर दोन्ही हात ठेवून माझा डोळा लागला होता. हे शेतातून आले.

“कावून गं अशी बसूनच झोपतीस?”

“सवय झाली,” मी म्हणाले.

ह्यांनी आतून उशी आणली, माझ्या पाठीमागे नीट लावली, आणि दार लोटून घेतलं.