संजीवनीची नोंदणी आणि मिरचीची फुलं

धाडच्या संजीवनीने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा गावाला चार दिवस चघळायला विषय मिळाला. तिने कुणाच्या बोलण्याला भीक घातली नाही. घरच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचं क्रॉसिंग, म्हणजे एका वाणाच्या फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावायचं काम, करता करता तिने पहिलं वर्ष पास केलं. दुसऱ्या वर्षाची नोंदणी ऑगस्टअखेर, म्हणून यंदा रोपंसुद्धा तिने अशा बेताने लावली, की क्रॉसिंग वीस तारखेला आटोपावं.

पण विद्यापीठ काय कुणाच्या मिरच्यांना विचारून चालतं! सतरा तारखेला संध्याकाळी तिने कॉलेजचा मेसेज उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. वेळापत्रक बदललं होतं. नोंदणीचा शेवटचा दिवस उद्याच, तोही मूळ कागदपत्रं घेऊन बुलढाण्याला जातीने हजर राहायचं. इकडे शेकडो कळ्यांतला नर, म्हणजे पुंकेसर, आजच काढून टाकलेला. उद्या सकाळी त्यांना पराग लावला नाही, तर सगळी फुलं वाया.

"जाऊ द्या, पुढच्या वर्षी पाहू," ती नवऱ्याला, भागवतला म्हणाली आणि भाकरी थापता थापता तिला रडू फुटलं.

क्रॉसिंग म्हणजे बायकांचं काम, असं म्हणत भागवतने आजवर अंग काढून घेतलं होतं. आज मात्र तो चुलीपाशी येऊन बसला. मग म्हणाला, "तू जाय. फुलाइचं मी पाह्यतो."

"तुमाले जमते काय? हात पाहा तुमचे, निरे कुदळीचे!"

"काऊन नाही जमणार? सांग फक्त कसं करू ते."

सकाळी पहिल्या जीपने ती बुलढाण्याला गेली. रांगेत उभी होती, पण जीव सगळा शेडनेटमध्ये. अकराच्या सुमारास पावती हातात पडली, तशी ती धावतच परतली.

भागवत शेवटच्या ओळीत वाकलेला होता. अंग घामाने निथळतंय, मिशीला पराग लागलेला. पन्नासेक फुलं त्याने मोडली होती, हे खरं. पण बाकीची साधली होती. संजीवनीला हसूही आवरेना आणि डोळेही भरून आले. इतका आवडला तो तिला त्या घडीला!

"झाली नोंदणी?"

"हाव. आता पुढच्या सहामाहीची जानेवारीत म्हणतात. पण तेही तारीख बदलली त?"

"बदलू दे," पुढचं फूल हलकेच धरत भागवत म्हणाला, "आता मले येते ना क्रॉसिंग."