कचऱ्यात कोण हात घालतंय?

सिरसाळ्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे धूळ साचते, पण त्याहून जास्त संशय साचतो. मशीन स्लो झालंय, विंडोज नवीन टाकावं लागेल, इथपर्यंत गिऱ्हाईक माझं गुपचूप ऐकतं. "आधी तुमच्या फायलींचा बॅकअप घेतो," असं म्हटलं, की त्याचे डोळे बारीक होतात. माझी वस्तू हा दुसरीकडे का म्हणून ठेवतोय?

*

बियाणांचं दुकान चालवणारे माणिकराव बॅकअप संपेपर्यंत स्क्रीनसमोरून हलले नाहीत. जेवणाचा डबाही तिथेच मागवला. घास तोंडात आणि नजर कॉपी किती झाली ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीवर. मध्येच त्यांनी माझा दंड धरला.

"मगाशी दहा मिनटं ऱ्हायली म्हनत व्हतं. आता चाळीस म्हनतंय."

"अंदाज असतो त्याचा, बदलतो."

"अंदाज न्हाई. मधी तू कायतरी घातलंस."

*

एका गुरुजींनी घरून नुसता सीपीयू आणला. "यात काय बी न्हाई, समदं उडव." मी पुन्हा विचारलं, तरी तेच. मग उडवलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी दारात, लेकीच्या बारशाचे फोटो गायब!

"तुम्हीच म्हणालात ना, आत काही नाही."

"आत न्हाईच. फोटो डेस्कटॉपवर व्हते, समोर, काचंवर. तुला दिसू नयेत म्हनून तर मॉनिटर घरी ठिवला."

खटपट करून निम्मे फोटो परत आणले. तेव्हापासून "काय बी न्हाई" म्हणणाऱ्यावर मीही विश्वास ठेवत नाही. न उघडता कानाकोपऱ्यातलं सगळं उचलून ठेवतो, रिसायकल बिनमधला, म्हणजे टाकून दिलेल्या फायलींचा कचरासुद्धा.

*

किराणावाले शिवअप्पा महादेवाचे पक्के भक्त. बॅकअप त्यांना परत दिला, माझ्याकडची कॉपी त्यांच्यादेखत पुसली, तरी त्यांचं समाधान होईना. खिशातून बेलाचं पान काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"उचल. काय बगितलं न्हाई, काय ठिवलं न्हाई, असं म्हन."

आमच्याकडे बेल उचलून कुणी खोटं बोलत नाही. मी उचलला. ही बातमी बाजारभर झाली आणि आता जो तो पान घेऊनच येतो. चार्जर घरी विसरतात, बेल विसरत नाहीत.

*

शेवटी आमचे तात्या. हे त्यांचं खरं नाव नाही, उगाच कुणी शोधत बसू नये. गावच्या राजकारणातला वजनदार माणूस. मुलीने जातीबाहेर, मनाने लग्न केलं तेव्हा "ती आमाला मेली" असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. घरात तिचं नाव काढायची कुणाची हिंमत नाही.

लॅपटॉप सारखा बंद पडतो म्हणून ते आले. "निवडणुकीचे बॅनर हायेत, तेवढे ठिव. बाकी काय बी न्हाई, उडव."

मी सवयीप्रमाणे सगळं उचलून ठेवलं, विंडोज नवीन टाकलं, बॅनर परत घातले. तात्यांनी लॅपटॉप समोर ओढला. बॅनरकडे बघितलंही नाही, सरळ रिसायकल बिन उघडली. रिकामी. त्यांचा चेहरा असा उतरला, की निवडणूक हरले तेव्हाही तसा नव्हता.

"हितलं कुठं गेलं?"

"तात्या, तो तर कचरा होता."

"कचऱ्यात कोण हात घालतंय म्हनून तर तिथं ठिवलं व्हतं, बे. घरात समदेच उघडत्यात ह्यो लॅपटॉप."

मी माझी डिस्क जोडली आणि त्या कचऱ्यातलं सगळं लॅपटॉपवर परत आणलं. तात्यांनी स्क्रीन माझ्यापासून वळवली आणि एकेक फोटो उघडून बघितला. मग मान वर केली. डोळे भरले होते, तरी संशय काही गेला नव्हता.

"पर तू कचऱ्यात कशापायी गेलतास?"

मी उत्तर देण्याआधीच खिशातून बेल निघाला. मी उचलला. "उघडून काही बघितलं नाही, तात्या. नुसतं उचलून ठेवलं." मग माझ्या डिस्कवरची कॉपी पुसायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. एक तुझ्याकडं असू दे."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी तात्यांनी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं आणि स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. लेकीच्या मांडीवर तोंडाला भात फासलेलं एक पोर बसलं होतं.

"आता बग. नाक कुणावर गेलंय?"