दुसऱ्या मजल्यावरची मांजर

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला सहा महिने अंथरुणावर ठेवायला सांगितलं, आणि त्या दिवसांत मी एका मांजरीचे हाल केले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला जरा सोपं जाईल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही सिन्नरला राहायचो. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि आमचे हे नाशिकला सरकारी कचेरीत कारकून. रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. मुलीचे आधी गुडघे सुजले. एक उतरला की दुसरा, मग मनगट. अंगात बारीक ताप. गावातल्या डॉक्टरांनी वाढत्या वयाचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या आणि दोन महिने त्यातच गेले. शेवटी नाशिकला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. खालीवर, पाठीवर, पुन्हा छातीवर.

घसा दुखण्यातून आलेला ताप हृदयाच्या झडपेपर्यंत गेला होता. "दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन," डॉक्टर म्हणाले. "आणि सहा महिने उठायचं नाही. संडासलासुद्धा उचलून न्यायचं. तिला खूश ठेवा. रडणं, चिडणं, धावणं काही होता कामा नये."

मी बिनपगारी रजा टाकली. डॉक्टरांच्या दवाखान्याजवळ, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका नव्या इमारतीत तीन खोल्या मिळाल्या. दुसरा मजला. तळमजला मिळेना आणि थांबायला वेळ नव्हता. सामान बांधत असताना मुलीने विचारलं, "आणि ती?"

ती म्हणजे आमची मांजर. राखाडी, पोटाखाली पांढरी, तीन वर्षांची. तिला नाव नव्हतं. मुलगी "ए" म्हणून हाक मारायची आणि ती यायची. खायला घरी, झोपायला मुलीच्या पायाशी, बाकी सगळा दिवस कौलांवर नाहीतर मागच्या कडब्याच्या गंजीत. मी म्हटलं, "तिला इथंच राहू दे. घरमालकीण मावशी बघतील." मुलीचे ओठ थरथरायला लागले. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. झाकणाची वेताची टोपली काढली आणि मांजर आमच्याबरोबर नाशिकला आली.

पहिले चार दिवस ती कॉटखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी दाराशी जाऊन बसली आणि ओरडायला लागली. भुकेचं ओरडणं मला माहीत होतं, हे तसं नव्हतं. पोटातून येणारा आवाज. थांबून, ऐकून, पुन्हा तोच. दार उघडायची सोय नव्हती. शेजारच्या बांधकामावर सात-आठ कुत्री होती. आम्ही आल्याच्या आठवड्यातच त्यांनी एका बोक्याला वाळूच्या ढिगावर फाडलं होतं. ते मी खिडकीतून पाहिलं आणि मुलीची कॉट खिडकीपासून आत सरकवली.

यांनी बांधकामावरून घमेलंभर वाळू आणून लाकडी खोक्यात घातली. गॅलरीला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी मारली. मांजर जाळीला नाक लावून बसायची, मग दाराशी, मग पुन्हा जाळीशी. दारावर तिच्या नखांच्या रेघा पडल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. "अहो, तिला काय मारता का हो तुम्ही?"

एके दिवशी मुलीने विचारलं, "आई, ती सुखात आहे का गं?"

"आहे की. दूध आहे, ऊब आहे, तू आहेस."

"मलापण आहे सगळं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दोन महिन्यांनी मांजरीच्या पोटावरचे केस जायला लागले. ती चाटत राहायची, एकाच जागी, चामडी गुलाबी होईपर्यंत. खाणं निम्म्यावर आलं. मी तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत माझ्यापुढे एक म्हैस होती आणि मागे दोन बैल. तिथल्या डॉक्टरांना हसू आलं. "बाई, मांजर घेऊन इथं कोणी येत नाही." पण त्यांनी तिला नीट तपासलं.

"आजार काही नाही. चाटून चाटून केस काढलेत तिने. दिवसभर करायला काही नाही ना तिला."

"घरात राहतात का हो मांजरं? सुखानं?"

"राहतात. डोळे उघडल्यापासून घरातच असलं तर त्याला दुसरं काही माहीतच नसतं. हिला तीन वर्षं सगळं गाव मोकळं होतं." त्यांनी हात धुतले. "तरी करून बघा. खाणं ताटलीत देऊ नका, लपवून ठेवा, शोधू दे तिला. खिडकीशी उंच जागा करून द्या. आणि खेळवा. रोज, ठरल्या वेळी. कधीतरी आठवण आली म्हणून नाही."

मी घरी येऊन सगळं केलं. सुक्या बोंबलाचे तुकडे करून पाटाखाली, चपलेत, घडी केलेल्या सतरंजीत लपवले. यांनी खिडकीला फळी ठोकली. कागदाचा बोळा दोऱ्याला बांधून मुलीच्या हातात दिला. ती पडल्या पडल्या दोरा ओढायची आणि मांजर त्यावर झेप घ्यायची. रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी. मांजरीचं ओरडणं कमी झालं. फळीवर बसून ती कबुतरांकडे बघत दात वाजवायची आणि मुलगी हसायची. जेमतेम बारा दिवस असे गेले. मला वाटलं, निभावलं आता.

तेराव्या दिवशी दुपारी मी मोरीत कपडे धूत होते. गॅलरीची जाळी एका कोपऱ्यात उचकटली होती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मांजर त्यातून बाहेरच्या सज्ज्यावर गेली. मुलीने कॉटवरून पाहिलं. मला हाक मारली असेल, नळाच्या आवाजात मला ऐकू आली नाही. ती उठली, धावली, स्टुलावर चढली आणि तिने जाळीतून हात घालून मांजरीला मानेला धरून आत ओढलं. मी आले तेव्हा ती गॅलरीत फरशीवर बसली होती. हातावरून रक्त येत होतं, मांजर छातीशी घट्ट धरलेली आणि ओठ निळे पडलेले. श्वास असा चालला होता की गळ्याखालचा खळगा आत-बाहेर होताना दिसत होता.

"पडली असती ती, आई," एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले.

डॉक्टर घरी आले. पुन्हा तसेच बराच वेळ नळी लावून ऐकत राहिले. बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाले, "तीन महिने फुकट गेले, बाई. पुन्हा पहिल्यापासून. आणि झडपेचं मी आता काही सांगू शकत नाही."

ते गेल्यावर हे म्हणाले, "ती मांजर घालव. उद्याच्या उद्या."

"अहो, पोरीला काय सांगू?"

"काहीही सांग. पोर राहिली तर विचारेल ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध घेऊन मुलगी झोपली. हे तिच्यापाशी थांबले आणि मी टोपली घेऊन निघाले. मांजरीने पंजासुद्धा उगारला नाही. एसटीत ती अवाक्षर बोलली नाही, मी तीनदा झाकण उघडून जिवंत आहे का बघितलं. सिन्नरला आमच्या जुन्या घराच्या अंगणात टोपली उघडली. तिने माती हुंगली. मग पाठीवर पडून अंग घासलं, इकडून तिकडे, कितीतरी वेळ. उठली, भिंतीवर चढली आणि मागे न बघता कौलांवरून गेली. घरमालकीण मावशींनी चहा दिला. मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. त्या रडण्यात सुटकाच जास्त होती.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं, "पळाली गं. दार उघडं राहिलं माझ्या हातून."

ती रडली नाही. मला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं. संध्याकाळ झाली की पडल्या जागेवरून हाक मारायची, "ए... ए...", दाराकडे बघत, पाच-दहा मिनिटं. मग गप्प. मी स्वयंपाकघरात कानावर हात ठेवून उभी राहायचे. तिचं जेवण कमी झालं. वजन घटलं. डॉक्टर विचारायचे, "घरात काही झालंय का?" आम्ही दोघंही नाही म्हणून मान हलवायचो.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मी शेजारी साखर आणायला गेले होते, दार नुसतं लोटलेलं. पोस्टमनने मुलीला बघून कार्ड तिच्याच हातात दिलं. घरमालकीण मावशींनी कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. तुमची मांजर दिवसभर तुमच्या दारात बसून असते. नवीन भाडेकरू हाकलतात तरी उठत नाही. दूध ठेवलं तर शिवत नाही. घेऊन जा.

मी आत आले तेव्हा कार्ड तिच्या पांघरुणावर होतं.

"तू म्हणालीस पळाली."

मी साखरेची वाटी खाली ठेवली.

"मी बरी नाही झाले, तर मलापण सोडून येशील कुठेतरी?"

मी तिला जवळ घ्यायला गेले. तिने अंग लाकडासारखं केलं. मी तशीच उठले, शेजारणीला तिच्यापाशी बसवलं आणि एसटी स्टँडवर गेले. सिन्नरला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. आमच्या दारात कोणीच नव्हतं. उंबऱ्याशी कडेला दुधाची वाटी तेवढी होती, वर माश्या बसलेल्या.

"परवापास्नं नाय दिसली, बाई," मावशी म्हणाल्या. "लय वाट पाह्यली वो तिनं. कोनी आलं का उठून बघायची. मंग बसायची परत."

मी गंजीत शोधलं. शाळेच्या मागे, बाजारात, ओढ्याच्या कडेने. "ए, ए" करत हिंडले. माझ्या वर्गातली मुलं मागे यायला लागली, "बाई, काय हरवलं?" त्यांनाही शोधायला लावलं. शेवटच्या गाडीपर्यंत थांबले. तिथून पुढे दर रविवारी जात राहिले. चौथ्या रविवारी मावशींनी मला अंगणातच अडवलं.

"आता नका येऊ, बाई. ती गेली आसंल कुठं तरी. तुमी पोरीपाशी बसा."

मुलगी माझ्याशी बोलायची ती पाणी, उशी, दिवा, एवढंच. किती दिवस ते मोजायचं मी सोडून दिलं. ती अंथरुणातून उठली ती त्यानंतर आठ महिन्यांनी, जिना उतरली ती वर्षाने. झडप मात्र खराब झाली ती झालीच. इंजेक्शनं चालू राहिली, धावणं कायमचं बंद.

आम्ही नाशिकलाच राहिलो. मुलगी तेरा वर्षांची असताना इमारतीच्या मीटरच्या खोलीत एक मांजर व्याली आणि दोन दिवसांत कुत्र्यांनी तिला मारलं. शेजारणीने एक पिल्लू आमच्याकडे आणून दिलं, डोळे नुकते उघडलेलं. चार दिवसांसाठी म्हणून. ते राहिलंच. त्याने कधी बाहेर पाऊल टाकलं नाही. दार उघडं राहिलं तरी उंबऱ्यावरून वास घेऊन परत यायचं. टीव्हीवर झोपायचं, नळाचं थेंब थेंब पाणी प्यायचं, उन्हाच्या पट्ट्याबरोबर खोलीभर सरकत जायचं. घरात मांजर सुखी राहतं का असं मला कोणी विचारलं असतं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं. आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी त्याला वेळेवर खायला घालायचे, पण मांडीवर कधी घेतलं नाही.

मुलगी सतरा वर्षांची झाली तेव्हा तिला ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी मी तिचे कपडे भरत होते. ती कॉटवर मांजराला घेऊन बसली होती. एकदम म्हणाली, "आई, तिला आणायलाच नको होतं आपण. मीच हट्ट केला."

आठ वर्षांत ती त्याबद्दल पहिल्यांदा बोलत होती.

"तू आजारी होतीस गं," मी म्हटलं.

"म्हणूनच. तुम्ही मला नाही म्हणू शकत नव्हता. ते मला माहीत होतं. मी मुद्दाम ओठ थरथरवले होते."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिला सांगायचं होतं की ते माझं होतं, सगळं माझं. टोपलीचं झाकण मी उघडलं, खोटं मी बोलले. पण नऊ वर्षांच्या पोरीने हे ओझं उचललं होतं आणि झडपेसकट ते छातीत वागवत ती इतकी मोठी झाली होती, आणि मला, तिच्या आईला, त्याचा पत्ता नव्हता. मी तिचे गुडघे धरून बसून राहिले.

"ऊठ ना, आई," ती म्हणाली. "फरशी गार आहे."

ऑपरेशन झालं. ती जगली. तिच्या छातीवर मधोमध उभी खूण आहे. त्या दुपारी मला जे सांगायचं होतं, ते मी मुंबईच्या इस्पितळात तिला शुद्ध आल्यावर सांगितलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. तिने ऐकलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.