फुलवालीच्या डब्यातले चाकू

नगरच्या स्टँडवरून शिर्डीची एसटी सुटली तेव्हा आमचे हे खिडकीशी बसले होते आणि मी पर्स मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी. दर्शनाची ओढ ह्यांना. मी आपली सोबतीला. पर्समध्ये नेहमीप्रमाणे माझा घडीचा चाकू होता. वीस वर्षांपूर्वी एका जत्रेत म्हाताऱ्या लोहाराकडून घेतलेला. तो लोहार आता नाही, त्याच्यामागे भाता कोणी चालवला नाही, तेव्हा तसा दुसरा मिळायचा नाही. "बायका पर्समध्ये आरसा ठेवतात," असं हे वीस वर्षं म्हणत आलेत आणि वीस वर्षं त्याच चाकूनं कापलेली फळं खात आलेत.

राहुरी मागे पडली. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मध्येच एखादी भरलेली ट्रॉली पुढे आली की आमची एसटी रखडायची. कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला. राहात्याला पेरूवाल्यांनी खिडक्यांशी गर्दी केली. मी सहा पेरू घेतले आणि चाकू काढून त्यातल्या दोनांच्या फोडी केल्या. पलीकडच्या बाकावर पांढऱ्या टोपीतले एक शेतकरी होते, काष्टी गावचे. ते फोडींकडे नव्हे, चाकूकडे बघत होते.

"बघू का वो ताई?"

मी चाकू पुसून, मिटून बाकावर ठेवला आणि त्यांनी तो तिथून उचलला. चाकू हातोहात द्यायचा नाही ही रीत त्यांच्याकडेही असावी. नखानं पातं उघडलं. टक्. उघडं पातं हलवून पाहिलं, खटका (पातं ताठ धरणारी पाठीची पट्टी) जरा दबला नाही. शिसवी मुठीवरून अंगठा फिरवला, पितळी खिळा कुठे बोटाला लागेना. मग चाकू मिटून उजेडाकडे धरला. पातं मुठीच्या दोन फळ्यांच्या बरोबर मधोमध बसलं होतं, कुठेच घासत नव्हतं.

"लई इमानदारीनं केल्यालं काम हाय," ते म्हणाले. "हरवू नका ह्यो."

मला माझीच स्तुती झाल्यासारखं वाटलं. त्यांना मी अख्ख्या पेरूच्या फोडी दिल्या.

शिर्डीत मंदिराच्या दाराशी रखवालदारानं पर्स उघडायला लावली. "चाकू आत न्हाई नेता येनार, मावशी. भाईर ठिवून या." आम्ही मागे फिरलो, एका दुकानात गुलाबाचा हार घेतला आणि चाकू तिथल्या बाईंपाशी ठेवला. "दुकानाचं नाव बघून घे," हे म्हणाले. "निळ्या ताडपत्रीचं दुकान," मी ऐटीत म्हणाले, "माझ्या लक्षात राहतं."

तीन तासांनी दुसऱ्याच दारानं बाहेर पडलो. बघते तर सगळ्या गल्लीला निळी ताडपत्री. सगळीकडे गुलाब, सगळीकडे पेढे, आणि मघाची ती बाई दिसायला कशी होती हेही मला धड आठवेना. पाच-सहा दुकानांत विचारलं. कोणी मान हलवली, कोणी पेढेच पुढे केले. हे मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. सातव्या दुकानापाशी मला रडू फुटलं. चाकूसाठी कोणी रडतं का? मी रडत होते.

"ओ ताई! चाकूवाल्या ना तुमी?" मागून हाक आली. "मगापासनं हिकडून तिकडं चाललंय तुमचं. हितंच तर ठिवला हुता!"

बाईंनी फळीखालून पत्र्याचा बिस्किटांचा डबा ओढला. "घ्या, वळखा."

डब्यात वीसेक चाकू होते. प्लास्टिकच्या मुठीचे, गंजलेले, एकाला तर नुसतं अर्धं पातं.

"लोकं ठिवून जात्यात, मंग दुकान घावत न्हाई त्यान्ला," बाई म्हणाल्या. "आमी टाकत न्हाई. कुनी आलं तर?"

माझा वरच होता. उघडून मिटला, टक् ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. तेवढ्यात खाली दुसरा एक दिसला. शिंगाची मूठ, पातं हळू, एका लयीत उघडणारं, शेवटी अगदी हलका आवाज. खिळा कुठे ठोकलाय तेही दिसेना. खरं सांगते, माझ्या चाकूपेक्षा सरस होता.

"न्या की त्यो," बाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, कुनी इचारलं न्हाई."

"घे ना, एवढा आवडलाय तर," हेही म्हणाले.

मी पर्सची चेन उघडली होती. तेवढ्यात पात्यावरून बोट फिरलं. पातं मध्यावर झिजून खोलगट झालं होतं. कोणीतरी तो वर्षानुवर्षं दगडावर घासला होता, एकाच हातानं, एकाच कोनात. तो माणूसही ह्याच गल्लीत सात दुकानं फिरला असेल. मी बाईंकडून दिव्यातलं थेंबभर तेल मागून घेतलं, सांध्यात सोडलं, पातं दोनदा उघडमीट केलं आणि चाकू डब्यात सगळ्यात वर ठेवला.

परतीच्या एसटीत उरलेले पेरू कापले. ह्यांनी आरशाची गोष्ट काढली नाही.

घरी येऊन आठवडा झाला, तो शिंगाच्या मुठीचा चाकू काही डोक्यातून जात नाही. तुमच्यापैकी कोणाचा, मधोमध झिजलेल्या पात्याचा, दोनेक वर्षांपूर्वी शिर्डीत राहिला असेल तर अजूनही जा. निळ्या ताडपत्र्यांच्या रांगेत ज्या दुकानाच्या खांबाला सायकलचं जुनं चाक टांगलंय, ते दुकान. ह्या वेळी मी नीट बघून आले आहे.